किनारा चालायचाय? आधी तिथी बघा (वाचकांचे प्रश्न)

दादा, माझा भाऊ वेल्सला असतो. तिकडे २०१२ पासून अख्ख्या किनाऱ्याला लागून एक पायवाट केलीये म्हणे, जवळजवळ १४०० किलोमीटर, जागोजागी खुणा वगैरे. आपल्या कोकणात असं काही आहे का? आम्ही चौघं मित्र आहोत, चार-पाच दिवस काढू शकतो. – एक वाचक, पुणे

खुणांची वाट आपल्याकडे नाही, पण चालायला किनारा आहे आणि तो ७२० किलोमीटरचा आहे, त्यामुळे नाही म्हणून गप्प बसू नका. चार-पाच दिवसांत मी तुम्हाला एकच तुकडा सुचवीन, दाभोळ ते गणपतीपुळे. दाभोळला फेरीबोटीने खाडी ओलांडून धोपाव्याला उतरायचं, अंजनवेलचा गोपाळगड बघून गुहागर गाठायचं, मग असगोली, पालशेत, बुधल, वेळणेश्वर, हेदवी, रोहिले करत तवसाळ, तिथून परत फेरीने जयगड आणि पुढे मालगुंडवरून पुळ्याला. वळणं धरून सत्तर-ऐंशी किलोमीटर होतात. गुहागरची पुळण लांबच लांब, सुरूची बनं, चालायला सोप्पी. असगोलीच्या पुढे मात्र सगळं बदलतं, वाळू संपते आणि सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, चढावा लागतो, कातळावर सावली नाही, पाणी नाही, डिसेंबरातसुद्धा अकरा वाजता डोकं तापतं, माणशी तीन लिटर पाणी घेतल्याशिवाय सड्यावर जाऊ नका. खाली उतरलं की बुधलसारखी वाडी लागते, खडकाच्या आडोशाला कोळ्यांची घरं आणि बोटी, मला विचाराल तर पूर्ण रस्त्यातली सगळ्यात देखणी जागा हीच. जयगडला बंदर आणि वीज प्रकल्प झाल्यापासून तिथल्या रस्त्यावर मोठे ट्रक असतात, तो पट्टा सरळ रिक्षाने करा, त्यात काही कमीपणा नाही. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे, ते चुकवू नका.

आता खरी गोष्ट. गाडीने फिरताना भरती-ओहोटीशी काही घेणंदेणं नसतं, पण पायी निघालात की सगळं वेळापत्रक समुद्र ठरवतो. ओहोटीला ओली घट्ट वाळू मिळते, तिच्यावर तासाला चार-पाच किलोमीटर आरामात होतात, भरतीत तुम्हाला वरच्या भुसभुशीत वाळूत ढकललं जातं आणि टोकाला वळसा घालणारे खडक पाण्याखाली जातात. हेदवीची बामणघळ तर बघायलाच लोक भरतीला जातात, त्या चिंचोळ्या घळीत पाणी घुसून उंच उसळतं, तिच्या काठाशी ओल्या खडकावर उभं राहून फोटो काढू नका, कृपा करा. माणसं गेलीयत किनाऱ्यावर अशी.

भरतीची वेळ काढायला ॲप नको. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशोब आहे, तिथीला पाऊणने गुणायचं. पंचमी असेल तर पाच पाऊण म्हणजे पावणेचार, म्हणजे दुपारी (आणि पहाटे) पावणेचारच्या आसपास भरती, आणि सहा तास आधी, सकाळी दहाच्या आसपास, ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून गावात उतरलात की एकदा कोळ्यांना विचारून घ्या. तर तुम्ही तृतीयेला निघा. त्या दिवशी ओहोटी सव्वाआठच्या सुमारास, मग रोज पाऊण तासाने पुढे सरकत सप्तमीला अकरा-सव्वाअकरा, म्हणजे पाचही दिवस सकाळचं चालणं घट्ट वाळूवर आणि भरती येते तेव्हा तुम्ही कुणाच्या तरी पडवीत जेवायला बसलेले. अमावस्या-पौर्णिमेला नेमकं उलटं, ओहोटी पहाटे पाचला आणि दुपारी उधाणाची भरती. बहुतेक लोक शनिवार-रविवार बघून निघतात, म्हणून सांगतोय, कालनिर्णय बघा आणि रजा त्याप्रमाणे टाका.

मी ५२ वर्षांची आहे, एकटीने चालायची इच्छा आहे. राहायचं कुठे? तंबू न्यावा का? – एक वाचक, ठाणे

ताई, जरूर चाला, आणि तंबू नेऊ नका. ओझं होतं, आणि गावाच्या किनाऱ्यावर न विचारता तंबू ठोकलेला लोकांना आवडत नाही, ते बरोबरच आहे. गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, मालगुंड सगळीकडे घरगुती सोय आहे. फक्त एक करा, जेवायला आहात हे सकाळीच फोन करून सांगा, कारण मासळी सकाळी घेतली जाते, नारळ खवणं, वाटण, सगळं एका बाईच्या हातून होत असतं, संध्याकाळी सातला अचानक दारात उभं राहिलात तर ती नाही म्हणणार नाही पण तिची धावपळ होते. आंब्याच्या बागांतून वाट दिसली तरी आधी हाक मारा, ती कुणाची तरी मालकीची जागा आहे. हातात काठी असू द्या, वाडीतल्या कुत्र्यांसाठी. शेवटची बोट किती वाजता ते आदल्या दिवशी विचारून ठेवा, तवसाळला बोट चुकली तर खाडीला वळसा घालून जायला अर्धा दिवस जातो.

मार्चमध्ये वेळासला कासवं बघायला जातोय. रात्री किनाऱ्यावरून हरिहरेश्वरच्या दिशेने चालत गेलो तर चालेल का? – एक वाचक, नाशिक

नाही, रात्री अजिबात नको. मध्ये बाणकोटची खाडी आहे, चालत जाता येतच नाही, फेरी वेसवी ते बागमांडला चालते आणि ती दिवसा पकडा. आणि मार्चमध्ये रात्री माद्या अंडी घालायला वर येण्याची शक्यता असते. ऑलिव्ह रिडले कासवीण टॉर्चचा उजेड किंवा माणसांची हालचाल दिसली की अंडी न घालताच परत पाण्यात जाते. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी जपायला सुरुवात केली, त्याआधी अंडी चोरीला जायची, आता तेच गावकरी अंडी राखतात आणि पाहुण्यांना घरात ठेवून घेतात. पिल्लं सोडतात ती सकाळी आणि संध्याकाळी, तेवढ्या वेळेला जा, दोरीच्या बाहेर उभे राहा, फ्लॅश बंद. दिवसा बाणकोटच्या किल्ल्यावर चढा, खाडीचं तोंड पूर्ण दिसतं, आणि वेळासलाच नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून त्यांचा पुतळा आहे तोही बघा. अंडी कुठल्या आठवड्यात फुटणार ते दरवर्षी बदलतं, त्यामुळे रजा टाकायच्या आधी गावात फोन करून विचारा.