घरातल्या मागांना घराचा विमा पुरेल का?

ताई, आपण लिहिता की वडगावातील राहत्या घराच्या पुढच्या खोलीत चार यंत्रमाग चालतात, सूत व जर (साडीतला सोनेरी-चंदेरी धागा) व्यापाऱ्याकडून येते, साड्या विणून त्यालाच परत जातात आणि दोन मागांवर बँकेचे कर्ज आहे. घराचा विमा आहेच, त्यात माग बसून जातील, असे एजंट म्हणतो. वेगळा विमा घेतलाच तर हप्ता वाचवण्यासाठी तो ४ लाखांचा घ्यावा, असा आपला विचार आहे. मला दोन्ही गोष्टी धोक्याच्या वाटतात.

‘भारत गृह रक्षा’ ही पॉलिसी राहत्या घरासाठी आणि घरगुती सामानासाठी आहे. माग, मोटार, बीम (ताण्याचे सूत गुंडाळलेला रूळ) हे घरगुती सामान नव्हे. घरात माग चालतात हे कंपनीला लेखी कळवलेले नसेल, तर उद्या घराच्या भिंतींचा दावासुद्धा अडू शकतो, म्हणून आधी ते पत्र द्या आणि पोच घ्या. धंद्यासाठी १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही वेगळी पॉलिसी आहे. एका ठिकाणची ५ कोटींपर्यंतची मालमत्ता तिच्यात बसते आणि आग, वादळ, पूर यांचे संरक्षण तिच्यात असते. ऑगस्ट २०१९ चा पूर आपल्या जिल्ह्याने पाहिला आहे. खोलीत हातभर पाणी शिरले, तरी मोटार बिघडते आणि मागावरची अर्धी विणलेली साडी डागाळते. ती ना सूत म्हणून विकता येते, ना साडी म्हणून.

आता रकमेविषयी, कारण खरे नुकसान इथेच होते. माग आणि माल मिळून किंमत ८ लाख असताना विमा ४ लाखांचा घेतला आणि २ लाखांचे नुकसान झाले, तर कंपनी साधारण १ लाखच देते. निम्मा विमा, निम्मी भरपाई. खरी किंमत आणि विम्याची रक्कम यांतली तफावत १५ टक्क्यांपर्यंत असेल तर ही कपात होत नाही. म्हणून विमा ८ लाखांचाच घ्या. हप्ता जड वाटला तर घरफोडीची वेगळी पॉलिसी पुढच्या वर्षावर ढकला; रक्कम मात्र कमी करू नका.

व्यापाऱ्याचे सूत आपले नाही, पण ते जळाले तर हिशेब आपल्याकडेच मागितला जाईल. अर्जात ‘ताब्यातील परक्याचा माल’ असा स्पष्ट उल्लेख करवून घ्या आणि आवक-जावकीची वही रोज लिहा. बँकेचे नावही पॉलिसीवर हवे. अर्ज बहुधा इंग्रजीत असतो आणि एजंटच तो भरतो. सहीआधी प्रत्येक ओळ वाचून मराठीत समजावून घेण्याचा आपल्याला हक्क आहे, तो जरूर वापरा.

शॉर्टसर्किटने ज्या मोटारीत बिघाड झाला, ती मोटार सहसा भरपाईतून वगळलेली असते. तिथून पसरलेल्या आगीचे नुकसान मात्र मिळते. कांड्या (सुताच्या छोट्या नळ्या) भरायला येणाऱ्या दोघींचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा त्यांच्या बँक खात्यातून वर्षाला २० रुपयांत होतो आणि अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात. तो या आठवड्यातच करून घ्या, आणि मागांची पॉलिसी पावसाआधी.