गळ्याला मार लागला आणि आवाज बदलला

प्रश्न : माझा नऊ वर्षांचा मुलगा उतारावर सायकलवरून पडला आणि हँडलचे टोक त्याच्या गळ्यावर आदळले. बाहेर नुसता लालसर वण होता, म्हणून आम्ही त्याला घरीच निजवले. तासाभरात आवाज घोगरा झाला, मान सुजली आणि १०८ रुग्णवाहिका बोलवावी लागली. रुग्णालयात मात्र श्वासासाठीची नळी लगेच न घालता आधी दुर्बिणीने तपासणी केली. हा उशीर धोक्याचा नव्हता का? आता तो घरी आला आहे.
– एक आई, डिचोली

उत्तर : मुलगा घरी आला हे वाचून फार बरे वाटले. आपण लिहिले आहे त्यावरून तो उशीर नव्हता, ती आवश्यक सावधगिरी होती. श्वासनलिका फाटलेली असताना आत न पाहता नळी ढकलली, तर तिचे टोक फाटीतून बाहेर जाऊ शकते किंवा अर्धवट फाटलेली नलिका पूर्ण तुटू शकते. म्हणून मूल स्वतः श्वास घेत असेल तर तो चालू ठेवून, दुर्बिणीतून पाहत, नळीचे टोक फाटीच्या पलीकडे नेतात. श्वास थांबू लागला असता तर अर्थातच इतकी उसंत मिळाली नसती.

मुलांच्या गळ्यातली कूर्चा (मऊ हाडासारखा भाग) लवचीक असल्याने ती मोठ्यांच्या मानाने कमी मोडते, पण आतले अस्तर सैल असल्यामुळे सूज झपाट्याने चढते. तान्ह्या बाळाच्या ४ मिलिमीटर रुंदीच्या वाटेत चहूबाजूंनी १ मिलिमीटर सूज आली, तर हवेला उरणारी जागा पाऊण हिश्शाने घटते. आपला मुलगा त्याहून मोठा आहे, तरी तत्त्व तेच. त्यामुळे वण किती मोठा हे पाहून निर्धास्त होऊ नये. आवाज बसणे, श्वास घेताना घरघर, खोकल्यातून रक्त, गिळताना दुखणे, किंवा सुजेवर बोट दाबताच कातडीखाली बारीक बुडबुडे फुटल्यासारखी चुरचुर जाणवणे, यांतले एकही लक्षण दिसले तर लगेच १०८ ला फोन करावा. चुरचुर म्हणजे नलिकेतली हवा कातडीखाली शिरली आहे.

गाडी येईपर्यंत शुद्धीवरील मुलाला ज्या स्थितीत श्वास सोपा जातो तसेच राहू द्यावे, बळेच आडवे करू नये, मान वळवू नये, पाणीही पाजू नये. आपण त्याला निजवलेत याचा दोष स्वतःला देऊ नका. तो वण पाहून पुष्कळ पालकांनी तेच केले असते.

यापुढे मात्र लक्ष असू द्या. जखम भरताना तिथली जागा आखडून नलिका अरुंद होऊ शकते आणि हे काही आठवड्यांनी कळते. तेव्हा धावताना श्वासाला शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्यावे.