इंदूरच्या 'कॅट'मध्ये नक्की काय चालतं? शहराला त्याचा काही उपयोग?

कॅट म्हणजे आजचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, अणुऊर्जा विभागाचं. स्थापना १९८४ची. बॉम्बशी संबंध जोडतात लोक, पण इथलं मुख्य काम प्रवेगक (इलेक्ट्रॉनसारख्या कणांना प्रचंड वेग देणारी यंत्रं) आणि लेसर.

इंडस-२ हा इथलाच एक प्रवेगक, म्हणजे १७२ मीटर परिघाची कडी. मायक्रोट्रॉन या लहान प्रवेगकातून निघालेले इलेक्ट्रॉन बूस्टर या मधल्या प्रवेगकातून कडीत येतात आणि तिथे २.५ जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेपर्यंत चढवले जातात. वळताना ते जे क्ष-किरण सोडतात, त्यांनी धातू, औषधं, प्रथिनं यांची रचना तपासतात. विद्यापीठांचे संशोधकही प्रस्ताव देऊन ते वापरू शकतात.

शहराच्या कामाचं म्हणाल तर चोइथराम मंडीजवळचं 'कॅट'चं विकिरण केंद्र. १० एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेच्या इलेक्ट्रॉन झोताने तिथे वैद्यकीय साहित्य निर्जंतुक होतं; नेहमीची मात्रा २५ किलोग्रे (ग्रे हे मालाने शोषलेल्या विकिरणाचं एकक). अडचण खोलीची: पाण्याइतक्या घनतेच्या मालात झोत एका बाजूने जेमतेम ३-४ सेंमी शिरतो. म्हणून खोका उलटून दोन्हीकडून मारा करतात, नाहीतर मधला माल कोराच राहतो. कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून ६० ते ९० ग्रे पुरतात, पण काढणीनंतर लवकर. आत कोंब सरकायला लागल्यावर आणलात तर पैसे वाया.