पतीच्या देशात राहण्याचा व्हिसा : अर्ज आज करावा की दोन महिन्यांनी?

प्रश्न : माझा विवाह नाशिक येथे झाला. पती जन्माने ब्रिटिश नागरिक असून लेस्टरमध्ये आईवडिलांच्या घरी राहतात. स्थळ दोन्ही घरच्यांनी पाहून ठरवले आणि लग्नानंतर आम्हांला जेमतेम तीन आठवडे एकत्र मिळाले. चार महिन्यांपूर्वी त्यांनी नोकरी बदलली. पूर्वी त्यांना वर्षाला २६,००० पौंड मिळत, आता ३३,००० मिळतात. मी येथे शाळेत शिक्षिका आहे. सासरचे म्हणतात, अर्ज लगेच करून टाक. माझा पगार उत्पन्नात धरला जाईल का? तोपर्यंत पर्यटक म्हणून जाऊन तेथूनच अर्ज करता येईल का? काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका देशाने मला विद्यार्थी व्हिसा नाकारला होता, ते सांगावे लागेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण आज अर्ज करू नये. सासरच्या मंडळींची घाई समजण्यासारखी आहे, परंतु आपण दिलेले आकडे पाहता आजचा अर्ज उत्पन्नाच्या अटीवर फेटाळला जाण्याची दाट शक्यता आहे, आणि एकदा फेटाळलेल्या अर्जाची फी परत मिळत नाही.

ब्रिटिश नागरिकाला आपल्या जोडीदारास तेथे बोलावण्यासाठी किमान उत्पन्न दाखवावे लागते. ही मर्यादा जुलै २०१२ पासून वर्षाला १८,६०० पौंड होती. ती ११ एप्रिल २०२४ पासून २९,००० पौंड झाली. आपल्या पतींचा आजचा पगार या मर्यादेच्या वर आहे, त्यामुळे अट पूर्ण झाली असे घरातील सर्वांना वाटणे स्वाभाविक आहे. पण एकाच मालकाकडे सहा महिने पूर्ण झाले नसतील तर नियम दुहेरी होतो : सध्याचा वार्षिक पगार तर २९,००० पौंडांच्या वर हवाच, शिवाय अर्जाच्या आधीच्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष हाती आलेली करपूर्व रक्कमही तेवढी भरली पाहिजे. आता हिशेब करून पाहा. नव्या नोकरीचे चार महिने म्हणजे ११,००० पौंड, जुन्या नोकरीचे आठ महिने म्हणजे सुमारे १७,३३३, एकूण २८,३३३. सुमारे पावणेसातशे पौंड कमी पडतात. आणखी एक महिना थांबलात तरी बेरीज २९,००० च्या किंचित खालीच राहते. नव्या नोकरीचे सहा महिने पूर्ण झाले की मात्र मागच्या वर्षाचा हिशेब लागूच होत नाही. नव्या पगाराच्या सहा महिन्यांच्या पगारपत्रकांवर अट पूर्ण होते. म्हणून सहावा पगार बँकेत जमा होऊन त्याचे पगारपत्रक हाती आल्यावर अर्ज भरावा.

या दोन महिन्यांत पतींनी बिनपगारी रजा घेऊ नये, हे त्यांना आवर्जून सांगावे. सहा महिन्यांतील पगाराची जी सर्वांत कमी पातळी असेल, तीवरून वार्षिक उत्पन्न ठरवले जाते. एखाद्या महिन्याचा करपूर्व पगार २,४१७ पौंडांच्या खाली गेला तर पुन्हा प्रश्न उभा राहतो. आपल्याला भेटायला किंवा सणाला त्यांना यायचे असेल, तर भरपगारी रजेवर यावे.

आपला भारतातील पगार मात्र धरला जात नाही. अर्जदार ब्रिटनबाहेर असताना केवळ तेथील जोडीदाराच्या नोकरीचे उत्पन्न मोजले जाते. एक सुशिक्षित, कमावती स्त्री तेथे जाऊनही कमावणारच आहे, याचा विचार हा नियम करत नाही, आणि मला तो अन्यायकारक वाटतो. पण त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये किमान उत्पन्नाची अट तत्त्वतः वैध ठरवली आहे. बचत मात्र आपल्या नावावरची असली तरी चालते. केवळ बचतीवर अट पूर्ण करायची तर ८८,५०० पौंड सहा महिने खात्यात असावे लागतात, त्यामुळे बहुतेक कुटुंबांना हा मार्ग उपयोगाचा नाही.

आपण पाहालच की या प्रक्रियेत जवळजवळ प्रत्येक कागद अर्जाच्या तारखेपासून मागे मोजला जातो. ज्या महिन्यांची पगारपत्रके, त्याच महिन्यांची बँक-विवरणपत्रे लागतात, आणि उत्पन्नाचे सर्वांत अलीकडचे कागद अर्जाच्या तारखेच्या २८ दिवसांहून जुने नसावेत. पद, नोकरीचे स्वरूप, रुजू झाल्याची तारीख आणि पगार सांगणारे मालकाचे पत्रही हवे. क्षयरोग तपासणीचे प्रमाणपत्र सहा महिने ग्राह्य असते आणि ती तपासणी ब्रिटिश सरकारने मान्य केलेल्या केंद्रातच करावी लागते. आजच करून घेतलीत तर तिची मुदत विनाकारण खर्ची पडेल. इंग्रजीचे काम मात्र आता हाती घ्यावे. आपली पदवी इंग्रजी माध्यमातून झाली असेल तर एक्टिस या ब्रिटिश संस्थेकडून तसे प्रमाणित करून घ्यावे. अन्यथा बोलणे-ऐकण्याची ए-१ या सर्वांत प्राथमिक पातळीची परीक्षा, उदाहरणार्थ आयईएलटीएस लाइफ स्किल्स, द्यावी. विद्यापीठ प्रवेशासाठी दिली जाणारी नेहमीची आयईएलटीएस येथे चालत नाही. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र केवळ मराठीत असल्यास त्याचे प्रमाणित भाषांतर जोडावे.

ठरवून झालेल्या विवाहाकडे तेथील अधिकारी संशयानेच पाहतात, ही भीती मनातून काढून टाकावी. दोघे प्रत्यक्ष भेटलेले असणे आणि नाते खरे व टिकून असणे, एवढीच नियमाची अपेक्षा आहे. हजारो संदेशांची बाडे पाठवण्यापेक्षा विवाहापासून आजपर्यंतच्या प्रत्येक महिन्यातील थोडे संवाद, फोनच्या नोंदी, पतींची विमानतिकिटे आणि दोन्ही कुटुंबांसह काढलेली छायाचित्रे द्यावीत. आपले स्थळ कसे जुळले हे दोघांनी आपापल्या पत्रात साधेपणाने लिहावे, मात्र तारखा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. सासूसासऱ्यांसोबत राहण्यासही हरकत नाही. आपल्या दोघांसाठी स्वतंत्र खोली आहे, आपण आल्याने घरात कायद्याने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा अधिक माणसे होणार नाहीत, आणि घरमालक म्हणून सासऱ्यांची संमती आहे, हे मालकीच्या कागदांसह दाखवावे.

पर्यटक म्हणून जाऊन तेथून जोडीदाराचा व्हिसा मागता येत नाही. नियम तशी अदलाबदल करू देत नाही.

पूर्वीचा नकार अवश्य सांगावा. अर्जात कोणत्याही देशाने नाकारलेल्या व्हिसाबद्दल विचारलेले असते. जुना नकार हे स्वतःहून आपला अर्ज फेटाळण्याचे कारण होत नाही, पण तो दडवला आणि उघडकीस आला तर फसवणूक मानून दहा वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. ‘हे लिहू नका’ असा सल्ला देणाऱ्या किंवा व्हिसाची हमी देणाऱ्या दलालापासून दूर राहावे. व्यावसायिक सल्ला हवाच असेल तर पतींनी तेथील वकिलाकडे किंवा इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराकडे जावे.

खर्चाची तयारी आधी ठेवावी. ९ एप्रिल २०२५ रोजी अर्जाची फी १,९३८ पौंड झाली होती. शिवाय आरोग्यसेवेचा अधिभार वर्षाला १,०३५ पौंड असून ३३ महिन्यांच्या व्हिसासाठी तो पूर्ण तीन वर्षांचा धरून ३,१०५ पौंड होतो आणि अर्जासोबतच भरावा लागतो. अर्ज नाकारल्यास हा अधिभार परत मिळतो. दर बदलत असतात, म्हणून भरण्याच्या दिवशी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर खात्री करावी. या व्हिसावर आपल्याला तेथे नोकरी करता येईल. निर्णय मात्र काही आठवड्यांनंतर लागतो, तेव्हा व्हिसा मंजूर झाल्याचे कळेपर्यंत शाळेचा राजीनामा देऊ नये.