डिस्पर्शन बल क्षीण, तर मग आयोडीन स्थायू कसे?

डिस्पर्शन बल म्हणजे रेणूंत क्षणभर तयार होणाऱ्या धन-ऋण ध्रुवांमुळे त्यांच्यात निर्माण होणारे आकर्षण. तुमच्या प्रश्नात दोन शंका एकत्र आल्या आहेत. अध्रुवीय आयोडीन सामान्य तापमानाला स्थायू आणि ध्रुवीय (कायमच एक टोक किंचित धन व दुसरे ऋण असलेला) हायड्रोजन क्लोराइड मात्र वायू, असे का, ही पहिली. आणि रेणूंतील क्षणिक ध्रुव सतत बदलत असतील, तर आकर्षण व प्रतिकर्षण यांची सरासरी शून्य का होत नाही, ही दुसरी. दुसरी शंका अधिक मूलभूत असल्यामुळे आधी तिचेच उत्तर देतो.

दोन रेणूंतील इलेक्ट्रॉन एकमेकांची दखल न घेता फिरत असते, तर सरासरी खरोखरच शून्य झाली असती. आर्गॉनचे दोन अणू शेजारी आहेत असे समजा. एका क्षणी पहिल्या अणूतील इलेक्ट्रॉन डावीकडे सरकले, की त्याची उजवी बाजू किंचित धनप्रभारित होते आणि उजवीकडच्या शेजाऱ्याचे इलेक्ट्रॉन तिच्याकडे ओढले जातात. पुढच्याच क्षणी पहिल्याची दिशा उलटली, तर शेजाऱ्याचीही उलटते. दोन्ही द्विध्रुव (धन-ऋण टोकांच्या जोड्या) उलटल्यामुळे त्यांच्यातील ऊर्जेचे चिन्ह बदलत नाही, ते ऋणच, म्हणजे आकर्षणाचेच, राहते. प्रत्येक द्विध्रुवाची सरासरी शून्य असते, पण दोघांच्या गुणाकाराची सरासरी शून्य नसते. सगळी मेख इथेच आहे.

फ्रिट्झ लंडन यांनी 1930 मध्ये क्वांटम यांत्रिकीच्या आधारे हे काटेकोरपणे मांडले. प्रत्येक अणूला एक आंदोलक (ठरावीक वारंवारतेने मागेपुढे हलणारी वस्तू) मानले, तर दोन आंदोलक जवळ आल्यावर एक वारंवारता थोडी वाढते आणि दुसरी थोडी घटते. घट वाढीपेक्षा जास्त असल्यामुळे दोघांची मिळून शून्यबिंदू ऊर्जा (सर्वांत खालच्या अवस्थेतही उरणारी किमान ऊर्जा) कमी होते, आणि ही कमी झालेली ऊर्जा म्हणजेच आकर्षण. ते अंतराच्या सहाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणजे अंतर दुप्पट झाले की आकर्षणाची ऊर्जा 64 पटीने घटते.

आता ‘क्षीण’ या विशेषणाबद्दल. आर्गॉनच्या एका जोडीतील आकर्षण साधारण 1 किलोज्यूल प्रति मोल इतकेच असते, तर कार्बन-कार्बन एकेरी बंध सुमारे 350 किलोज्यूलचा असतो. परंतु हे बल प्रत्येक शेजाऱ्याशी असते, त्याची बेरीज होत जाते, आणि इलेक्ट्रॉनांचा ढग जितका मोठा व सैल तितके ते वाढते. आयोडीनच्या रेणूतील बंध तोडायला सुमारे 151 किलोज्यूल प्रति मोल लागतात, आणि स्फटिकातून रेणू सुटे करून वायू बनवायला सुमारे 62. ज्याला आपण क्षीण म्हणतो, त्याची बेरीज इथे रासायनिक बंधाच्या चाळीस टक्क्यांपर्यंत पोहोचते. (आयोडीनच्या स्फटिकात काही शेजारी अपेक्षेपेक्षा जवळ येतात, त्यामुळे हे सगळे श्रेय डिस्पर्शनला देता येत नाही, मुख्य वाटा मात्र त्याचाच.)

हायड्रोजन क्लोराइड, ब्रोमाइड आणि आयोडाइड ओळीने पाहिले, तर ध्रुवीयता उतरत जाते आणि उत्कलनांक मात्र चढत जातो: सुमारे −85, −67 आणि −35 अंश सेल्सिअस. ध्रुवीय रेणूंमध्येही आकर्षणाचा मोठा हिस्सा बहुधा डिस्पर्शनचाच असतो, ही गोष्ट शिकवताना फारच कमी वेळा सांगितली जाते.

यावरून ‘रेणू जड तितका उत्कलनांक जास्त’ असा नियम मात्र काढू नका. सल्फर हेक्झाफ्लोराइडचे रेणुवस्तुमान 146 आणि डेकेनचे 142. तरीही पहिला सामान्य तापमानाला वायू आहे आणि दुसरा 174 अंशांना उकळणारा द्रव. फ्लोरीन आपले इलेक्ट्रॉन घट्ट धरून ठेवते, शिवाय गोलसर रेणूला शेजाऱ्याशी भिडायला पृष्ठभाग कमी मिळतो. आकाराचा हा परिणाम पेंटेनच्या समघटकांत स्वच्छ दिसतो: सरळ साखळीचे पेंटेन 36 अंशांना उकळते, तर तेच अणू असलेले गोलसर निओपेंटेन 9.5 अंशांना.

म्हणून ध्रुवीयतेचा परिणाम तपासायचा असेल, तर जवळपास सारख्याच आकाराचे आणि जवळपास तितकेच इलेक्ट्रॉन असलेले रेणू घ्यावेत. प्रोपेन, डायमिथाइल ईथर आणि ॲसिटाल्डिहाइड हे त्रिकूट त्यासाठी उत्तम आहे. तिघांची रेणुवस्तुमाने 44 ते 46 च्या दरम्यान आहेत आणि उत्कलनांक अनुक्रमे सुमारे −42, −24 आणि 20 अंश. इथे मात्र चढत्या ध्रुवीयतेबरोबर उत्कलनांकही चढतो.