उघडलेलं पाकीट आणि विक्रेत्याचं ‘हो’

प्रश्न : बाबांचा पोलरॉइड ६०० कॅमेरा (फोटो लगेच छापून बाहेर देणारा) माळ्यावर सापडला. त्यांच्या पंचाहत्तरीला त्यातूनच फोटो काढायचे म्हणून ऑनलाइन फिल्म शोधली. मागवण्याआधी विक्रेत्याला तिथेच लिहून विचारलं, ‘६०० मॉडेलला चालेल का?’ ‘हो, सगळ्या पोलरॉइडला चालते,’ असं उत्तर आलं. आय-टाइप फिल्मची दोन पाकिटं ४,६०० रुपयांना घेतली. एक घातलं, पण कॅमेरा ढिम्म. आता विक्रेता म्हणतो, उघडलेलं पाकीट परत घेत नाही. जुन्या कॅमेऱ्यांसाठी फिल्म बनवत राहण्याचं बंधन कंपनीवर नसतं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, पुढचं वाचण्याआधी त्या प्रश्नोत्तराचा स्क्रीनशॉट काढा. विक्रेत्याचं नाव, तारीख आणि वस्तूचं वर्णन त्यात दिसू द्या. तक्रार पोचली की असा मजकूर कधी गायब होईल सांगता येत नाही, आणि तुमचं सगळं प्रकरण त्या एका ‘हो’वर उभं आहे.

झालंय ते असं. ६०० कॅमेऱ्याला स्वतःची बॅटरी नसते. ती फिल्मच्या पाकिटात, तळाशी चपटी बसवलेली असते. २०१६ साली आलेल्या आय-टाइप फिल्ममध्ये ती नाही, कारण ज्या नव्या कॅमेऱ्यांसाठी ही फिल्म आहे ते चार्ज करता येतात. ६०० आणि आय-टाइप, दोन्हींच्या पाकिटांचं माप सारखं असल्यामुळे आय-टाइपचं पाकीट आत सरकतं, झाकणही लागतं, पण मोटर फिरत नाही आणि फिल्मला प्रकाशापासून झाकणारं वरचं काळं कार्ड बाहेर येत नाही. म्हणजे कॅमेरा बिघडलेला असेलच असं नाही, आणि फिल्मही खराब नाही.

विक्रेता नेमकं हेच बोलणार : ‘माल चांगला आहे.’ त्या वादात शिरूच नका. तुमची तक्रार मालाच्या दर्जाची नाही, तो सांगितल्याप्रमाणे नसल्याची आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे जाहिरातीत सांगितलेले किंवा ठरलेले गुण वस्तूत नसतील, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. शिवाय वस्तुविक्री अधिनियम, १९३० चं कलम १६ आहे. वस्तू कशासाठी हवी हे ग्राहकाने सांगितलं आणि त्या मालाचा धंदा करणाऱ्या विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून ती घेतली, तर ती त्या कामाला योग्य असण्याची अट कायदा गृहीत धरतो. याच कलमात एक अपवाद आहे : ठरावीक वस्तू तिच्या व्यापारी नावाने मागितली तर ही अट लागू होत नाही. समोरचा वकील तिथे बोट ठेवील. पण तुम्ही नुसतं नाव घेऊन माल मागवला नाही. आधी विचारलंत, आणि त्याने स्पष्ट शब्दांत हमी दिली. न विचारता घेतली असती, तर मी तुम्हाला इतक्या खात्रीने लिहिलं नसतं.

आता उघडलेल्या पाकिटाचं. आत घातल्याशिवाय ते चालतं की नाही हे कळणार कसं? आणि काळं कार्ड अजून जागेवर असेल, तर आतल्या आठही फोटोंवर प्रकाश पडलेला नाही. आय-टाइप कॅमेरा असलेला कुणीही ते पाकीट वापरू शकेल. म्हणून कार्डाला हात लावू नका. पाकीट आहे तसं बाहेर काढून त्याचा फोटो घ्या आणि मूळ खोक्यात, उन्हापासून लांब ठेवा. दुसरं पाकीट फोडू नका.

मग ज्या संकेतस्थळावरून घेतलंत, त्याच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची, असा नियम आहे. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करा. एवढ्यावर मिटलं नाही, तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. विक्रेता दिल्लीचा असो की चेन्नईचा, तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते आणि वकील सक्तीचा नाही. मुदत २ वर्षांची आहे, पण तुम्ही याच महिन्यात हलवा.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मात्र ‘नाही’ असं आहे. अमुक वर्षं फिल्म बनवत राहा, असं सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. अमेरिकेत तर कोडॅकला पोलरॉइडच्या पेटंटच्या दाव्यात हरल्यामुळे १९८६ साली इन्स्टंट कॅमेरे आणि फिल्म दोन्ही बंद करावी लागली. लोकांच्या हातात कॅमेरे राहिले आणि फिल्म संपली. ग्राहकांना भरपाईसाठी कोर्टात जावं लागलं. पोलरॉइडनेही २००८ साली स्वतःची फिल्म थांबवली होती, पण नेदरलँड्समधल्या एन्स्केडे इथला कारखाना काही जिद्दी माणसांनी टिकवला, म्हणून बाबांच्या कॅमेऱ्याला आजही फिल्म मिळते.

ती घेताना खोक्यावर ‘६००’ लिहिलेलं आणि उत्पादनाची तारीख, दोन्ही बघा. वर्षाच्या आत वापरली तर रंग चांगले येतात. परताव्यासाठी थांबू नका, पंचाहत्तरीआधी एक पाकीट आणून कॅमेरा चालतो का ते पाहून घ्या. चाललाच, तर ‘कॅमेराच बिघडलाय’ असं म्हणायला विक्रेत्याला जागा उरणार नाही. पहिला फोटो बाबांचाच काढा आणि त्याची एक प्रत तक्रारीला जोडा.