लार्घेत्तो अपुरा वाटतो, कारण तो तेथे संपतच नाही

व्हायोलिनवादक डेव्हिड ओइस्त्राख यांनी १९५८ साली आन्द्रे क्लुइतांस यांच्या संचालनाखाली फ्रेंच नभोवाणीच्या वाद्यवृंदासोबत वाजवलेला बेथोव्हेनचा व्हायोलिन कॉन्चेर्टो (एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांची तीन भागांची रचना) ऐकताना पहिला भाग कंटाळवाणा वाटतो आणि दुसरा मध्येच तुटतो, असे आपण लिहिले आहे. यांपैकी दुसऱ्या तक्रारीचा दोष वादकाकडे नसून आपल्या मोबाइलवरील ॲपकडे असावा, असा माझा दाट संशय आहे.

दुसऱ्या भागाच्या, म्हणजे लार्घेत्तोच्या, अखेरीस वाद्यवृंद एकाएकी जोराने उसळतो, व्हायोलिन एक छोटी मुक्त फिरत घेते आणि तिच्यातूनच, क्षणाचीही उसंत न घेता, तिसऱ्या भागाची नाचरी धून सुरू होते. मी वर्गणी भरून वापरत असलेल्या सेवेत नेमक्या याच सांध्यावर शांततेची फट पडत असे. तक्रार केल्यावर ग्राहक सेवेने ॲप काढून पुन्हा टाकण्याचा सल्ला दिला; पुन्हा लिहिल्यावर ‘प्रत्येक गाणे व्यवस्थित वाजत आहे’ असे कळवून तक्रार परस्पर बंद केली. तीन भागांची एक रचना त्यांच्या लेखी तीन गाणी होती. त्या फटीपायी मी लार्घेत्तोला कितीतरी काळ अर्धवट समजत राहिलो, याचा राग अजून गेलेला नाही. ॲपच्या सेटिंगमध्ये ‘गॅपलेस’ (दोन ट्रॅक मध्ये फट न ठेवता जोडणारी सोय) चालू आणि ‘क्रॉसफेड’ (एक ट्रॅक विरत असतानाच दुसरा सुरू करणारी सोय) बंद करून पाहावे. सगळ्याच ॲपमध्ये ही सोय असते असे नाही. शक्य असल्यास सरळ सीडी घ्यावी.

पहिल्या भागाविषयी मात्र माझे मत थोडे हट्टी आहे, आणि मी वादक नाही, केवळ श्रोता आहे, हे ध्यानात घेऊनच ते वाचावे. गायकी अंगाच्या व्हायोलिनवर पोसलेला आपला कान मींड शोधत बसतो आणि येथे त्याला नुसत्या स्वरपंक्ती ऐकू येतात. त्याऐवजी सुरुवातीचे टिंपनीचे, म्हणजे वाद्यवृंदातील नगाऱ्यांचे, पाच हलके ठोके धरून ठेवावेत. थोड्याच वेळात तेच ठोके वाद्यवृंदातील व्हायोलिने एका परक्या, खुपणाऱ्या स्वरावर देतात आणि पुढे ते निरनिराळ्या वाद्यांकडून परत परत येत राहतात. एकल व्हायोलिन सुमारे तीन मिनिटांनी प्रवेश करते, तोवर पुढे सरकवू नये. व्हायोलिनवादक क्राइस्लरने रचलेल्या कडेन्झात, म्हणजे वाद्यवृंद थांबल्यावर एकल वादकाने एकट्याने वाजवायच्या तुकड्यात, दोन मुख्य धुना एकाच वेळी वाजतात. तो संपल्यावर, जेथे टाळ्यांसाठी गडगडाट अपेक्षित असतो, तेथे बेथोव्हेनने दुसरी धून खालच्या दोन तारांवर हळुवार ठेवली आहे. ओइस्त्राख तेथे गोडवा वाढवायला जात नाहीत, स्वर नुसता भरीव ठेवतात, आणि माझ्या मते या ध्वनिमुद्रणाचे मोल त्या जागेत आहे. व्हायोलिनवादक हायफेट्झ यांचे १९५५ चे, संचालक चार्ल्स मुन्श यांच्यासोबतचे याच रचनेचे वादन बरेच वेगवान आहे. कंटाळा टाळण्यासाठी अनेक जण ते सुचवतील, पण आरंभ त्याने करू नये.

बेथोव्हेनने व्हायोलिनसाठी कडेन्झा लिहिला नाही. याच रचनेच्या पियानो आवृत्तीसाठी लिहिला, तोही टिंपनीसह. व्हायोलिनवादक वोल्फगांग श्नायडरहान यांनी तो व्हायोलिनवर आणला आहे. संचालक ओयगेन योखुम यांच्यासोबतच्या त्यांच्या ध्वनिमुद्रणात तो ऐकता येईल, मात्र त्याआधी ॲपमधील ते ‘गॅपलेस’चे सेटिंग बदलून घ्यावे.